कारखाना, फौज आणि कायदा : फ्रान्झ नॉयमान नावाच्या वकिलानं काय सांगून ठेवलंय

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. सवडीनं वाचा. पण वाचायला घेतलीत तर शेवटपर्यंत वाचा, कारण अर्धवट वाचली तर मी नक्की कोणाच्या बाजूनं बोलतोय याबद्दल तुमचा गैरसमज होईल.

हिटलरबद्दल आपल्याकडं कुतूहल भरपूर. रेल्वे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर त्याचं आत्मचरित्र आजही मराठीत मिळतं आणि खपतंही. त्याची भाषणं, त्याच्या मिशा, त्याचा शेवट, सगळं आपल्याला पाठ. पण एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. जर्मनीत खनिज तेल जवळपास नाही, रबराचं एक झाड नाही. मग त्या रणगाड्यांत पेट्रोल कुठून आलं? ट्रकना टायर कुणी दिले? भाषणावर गाडी चालत नाही राव. कुणीतरी कारखाना उभा केला, कुणीतरी करार केला, कुणीतरी त्या करारावर शिक्का मारला.

हा प्रश्न ज्यानं युद्ध चालू असतानाच विचारला आणि कागदपत्रं समोर ठेवून उत्तर दिलं, तो माणूस म्हणजे फ्रान्झ नॉयमान. पेशानं वकील, तोही कामगारांचा. माझी कामगार न्यायालयात थोडीफार ये-जा असते, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच जवळीक वाटते, हे कबूल.

आधी माणूस कोण ते सांगतो.

नॉयमान १९०० साली कॅटोव्हिट्झ इथं एका ज्यू कुटुंबात जन्मला. तेव्हा ते गाव जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. फ्रँकफर्टला तो ह्यूगो झिंट्सहायमर यांच्या हाताखाली शिकला. जर्मन कामगार कायद्याचा पाया घालणाऱ्यांत झिंट्सहायमर यांचं नाव येतं. पुढं बर्लिनमध्ये एर्न्स्ट फ्रेंकेल या मित्राबरोबर त्यानं वकिली थाटली. अशील कोण? कामगार संघटना आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्ष. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी शिकवणं, रात्री लेख. आणि त्या लेखांत एक विषय पुन्हा पुन्हा यायचा, तो म्हणजे कार्टेल.

कार्टेल म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाजार समितीत चार व्यापारी लिलावाआधी चहाच्या टपरीवर भेटतात आणि 'आज इतक्याच्या वर जायचं नाही' असं ठरवतात, तेच. फरक इतकाच, की आपल्याकडं हे डोळा मारून चालतं आणि जर्मनीत ते उघड, सही-शिक्क्यानिशी, कोर्टाच्या आशीर्वादानं चालायचं. अमेरिकेनं १८९० साली शर्मन कायदा करून असल्या संगनमताला गुन्हा ठरवलं. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९७ साली नेमकं उलट केलं. लाकडाच्या लगद्याच्या कारखानदारांनी आपापसांत करार केला होता, एकानं तो मोडला, बाकीचे कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, करार वैध आहे, मोडणाऱ्यानं दंड भरावा. झालं. तिथून पुढं कोळसा, पोलाद, सिमेंट, पोटॅश, ज्यात त्यात कार्टेल. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या हजारांत गेली होती. १९२३ साली सरकारनं कार्टेलांच्या गैरवापराविरुद्ध एक हुकूम काढला, पण तो गैरवापराविरुद्ध होता, कार्टेलाविरुद्ध नव्हता. कागदी वाघ म्हणा.

डिसेंबर १९२५ मध्ये याची पुढची पायरी आली. बायर, बीएएसएफ, हेक्स्ट, आग्फा वगैरे रंग-रसायन कंपन्या एकत्र आल्या आणि 'आय. जी. फार्बेन' ही एकच महाकाय कंपनी उभी राहिली. फार्बेन म्हणजे रंग. यातल्या बीएएसएफनं १८९७ साली कृत्रिम निळीचा रंग बाजारात आणला आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचं कंबरडं मोडलं, हा जुना संबंध आपल्याला आहेच. आणि बायर हे नाव आज आपल्या कृषी सेवा केंद्राच्या फळीवर रोज दिसतं. म्हणजे ही गोष्ट कुठल्या परग्रहावरची नाही.

आय. जी. फार्बेनकडं जगात दुसऱ्या कुणाकडं नव्हती अशी विद्या होती. कोळशापासून पेट्रोल बनवायची. कार्ल बॉश या तिच्या प्रमुखाला १९३१ साली फ्रीडरिश बेर्गियुसबरोबर रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण अडचण अशी, की हे पेट्रोल महाग पडायचं. बाहेर खनिज तेल स्वस्त झालेलं, त्यात १९२९ ची मंदी. लॉयना इथला प्रचंड कारखाना म्हणजे पांढरा हत्ती झाला होता. बाजारावर सोडला असता तर बंद पडला असता.

आता तारखा नीट बघा.

३० जानेवारी १९३३, हिटलर चॅन्सेलर झाला. २० फेब्रुवारीला गोअरिंगच्या निवासस्थानी सुमारे पंचवीस बड्या उद्योगपतींची बैठक झाली. क्रुप होते, आय. जी. फार्बेनचा प्रतिनिधी होता. हिटलर बोलला. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की लोकशाही आणि खाजगी उद्योग एकत्र नांदू शकत नाहीत. गोअरिंगनं सांगितलं, की येती निवडणूक पुढच्या निदान दहा वर्षांतली शेवटची असेल. मग बँकर शाख्टनं थैली पुढं केली, तीस लाख मार्क पाहिजेत म्हणाला. आय. जी. फार्बेनचा वाटा चार लाखांचा होता, त्या वर्गणीतला सगळ्यात मोठा.

२ मे १९३३ रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्यांवर धाडी पडल्या, संघटना संपल्या. नॉयमानचे अशीलच संपले. त्याच महिन्यात तो देश सोडून लंडनला पळाला.

१५ जुलै १९३३ रोजी नवा कायदा आला, सक्तीच्या कार्टेलांचा. आता मंत्री एखाद्या छोट्या कारखानदाराला सांगू शकत होता, की तुला कार्टेलात सामील व्हावंच लागेल. नवा कारखाना काढायलाही बंदी घालू शकत होता. गंमत बघा, नाझी पक्षाचा मतदार कोण होता? छोटा दुकानदार, कारागीर, शेतकरी. 'बड्या भांडवलदारांना ठोकतो' असं सांगून मतं घेतली त्यांची. आणि सहा महिन्यांत कायदा केला तो त्यांनाच बड्यांच्या दावणीला बांधणारा.

आणि १४ डिसेंबर १९३३ रोजी पेट्रोलचा करार झाला. आय. जी. फार्बेननं लॉयनाचं उत्पादन वर्षाला साडेतीन लाख टनांपर्यंत न्यायचं. सरकारनं दहा वर्षं भावाची आणि पाच टक्के नफ्याची हमी द्यायची, वरचा नफा सरकारचा. पांढरा हत्ती एका सहीनं सरकारी गजशाळेत गेला. ते पेट्रोल कशासाठी लागणार होतं, हे करार करणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती.

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. 'हिटलरला उद्योगपतींनी विकत घेऊन गादीवर बसवलं' हे वाक्य सोपं आहे, पण खरं नाही. हेन्री टर्नर या इतिहासकारानं १९८५ साली जुने हिशेब तपासून दाखवलं, की १९३३ पूर्वी नाझी पक्षाचा खर्च मुख्यतः सभासदांच्या वर्गणीतून आणि सभांच्या तिकिटांतून निघत होता, बड्या उद्योगांचा पैसा बहुतांश दुसऱ्या उजव्या पक्षांकडं जात होता. आय. जी. फार्बेनला तर नाझी वर्तमानपत्रं ज्यूंची कंपनी म्हणून शिव्या घालायची. बॉशनं १९३३ साली ज्यू शास्त्रज्ञांची बाजू हिटलरपुढं मांडूनही पाहिली. काही उपयोग झाला नाही. पाच वर्षांत कंपनीच्या संचालक मंडळात एकही ज्यू उरला नव्हता.

मग नॉयमानचं म्हणणं काय होतं? तो असल्या कटाच्या गोष्टी सांगत नव्हता. त्याचं म्हणणं त्याहून खोल होतं, आणि ते एका कायदेपंडिताचं होतं.

लंडनला जाऊन त्यानं, वयाच्या तिशीत, दुसऱ्यांदा डॉक्टरेट केली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, हॅरॉल्ड लास्कींच्या मार्गदर्शनाखाली, १९३६ साली. विषय कायद्याचं राज्य. १९३७ च्या एका निबंधात त्यानं जे मांडलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

कायदा सर्वांना सारखा, हे तत्त्व कुठं रुजलं? जिथं बाजारात खूप खेळाडू होते तिथं. गावात शंभर दुकानं असतील तर ग्रामपंचायत नियम करते तो शंभरांसाठी. कुणाचं तोंड बघून नियम करता येत नाही, कारण तोंडं शंभर आहेत. पण उद्या त्या गावात एकच दुकान उरलं तर? मग नियम कसलाही करा, तो त्या एकाच मालकासाठी असतो. तो नियम राहतच नाही, तो त्या मालकाबरोबरचा व्यवहार होतो. कधी त्याला झोडपणारा, कधी त्याला सांभाळणारा, पण व्यवहारच. मक्तेदारी वाढली की कायदा 'सर्वांसाठीचा नियम' राहत नाही, 'एकासाठीचा हुकूम' होतो. आणि एकदा हुकूमानं राज्य चालवायची सवय लागली, की मग न्यायाधीश, संसद, सुनावणी ही सगळी अडगळ वाटायला लागते. नॉयमाननं वायमार प्रजासत्ताकाच्या शेवटच्या वर्षांत हेच पाहिलं होतं. कोर्टं 'सद्भावना', 'लोकाचार' असले मोघम शब्द वापरून हवे ते निकाल देऊ लागली होती. हिटलर आल्यावर ते शब्द तेच राहिले, अर्थ फक्त पक्षानं भरला.

मला विचाराल तर त्याच्या सगळ्या लिखाणातला हा मुद्दा सर्वांत जास्त कामाचा आहे. मक्तेदारी म्हणजे फक्त महाग साबण आणि महाग रिचार्ज नव्हे. मक्तेदारी कायद्याचा पोतच बदलते.

१९३६ साली नॉयमान न्यू यॉर्कला गेला आणि १९४२ मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं, 'बेहेमोथ'. १९४४ साली वाढवलेली आवृत्ती निघाली. नाव का असं? बेहेमोथ आणि लेव्हायथन हे बायबलमधले दोन राक्षसी प्राणी. इंग्लंडच्या थॉमस हॉब्सनं शक्तिमान राज्यसंस्थेला लेव्हायथन म्हटलं आणि यादवी युद्धातल्या अनागोंदीला बेहेमोथ. नॉयमान म्हणाला, नाझी जर्मनी हे अतिबलाढ्य राज्य आहे असं तुम्हाला वाटतं ना? चूक. ते राज्यच नाही. तो बेहेमोथ आहे.

आत आहे तरी काय मग? चार गट. नाझी पक्ष, लष्कर, नोकरशाही आणि बडे उद्योग. चौघांचे आपापले कायदे, आपापली कोर्टं म्हणा, आपापली माणसं. चौघांना एकमेकांची गरज. पक्षाला लष्कर हवं कारण युद्ध लढायचंय. लष्कराला उद्योग हवेत कारण तोफा लागतात. उद्योगांना पक्ष हवा कारण कामगार संघटना चिरडल्या ते त्यानं, बाहेरचे देश जिंकून कच्चा माल आणून देणार तेही त्यानंच. नोकरशाही सगळ्यांच्या फायली फिरवणार. चौघं टेबलाभोवती बसून सौदा करतात आणि जो सौदा ठरतो त्यावर हिटलर सही करतो. जनतेचा, संसदेचा, कोर्टाचा या टेबलाशी काही संबंध नाही.

हे हवेत बोललेलं नाही, त्याच्याकडं तपशील होता. १९३४ चा कायदा बघा, त्यानं कारखान्याच्या मालकाला त्या कारखान्याचा 'फ्युरर' म्हणजे नेता ठरवलं आणि कामगारांना 'अनुयायी'. पगार मंदीच्या तळाच्या आसपास गोठवले. १९३७ च्या कंपनी कायद्यानं नवी भागभांडवली कंपनी काढायला किमान पाच लाख मार्कांचं भांडवल सक्तीचं केलं, पूर्वी पन्नास हजारांत भागत होतं. म्हणजे लहान माणसाला दार बंद. ज्यू मालकांचे कारखाने आणि बँका हिसकावल्या गेल्या त्या कुणाच्या पदरात पडल्या? मोठ्यांच्या. शस्त्रसज्जतेचा पैसा लपवायला 'मेफो' नावाची एक पोकळ कंपनी काढली होती, दहा लाख मार्क भांडवलाची, भागधारक क्रुप आणि सिमेन्ससारखे. तिच्या नावावर सुमारे बारा अब्ज मार्कांच्या हुंड्या फिरल्या. दहा लाखांच्या पतीवर बारा अब्जांची उधारी! आपल्या पतपेढ्यांचे घोटाळे यापुढं पोरखेळ आहेत.

आणि मग युद्ध. नॉयमानचा तर्क असा. कारखान्यांची क्षमता अफाट वाढवून ठेवलीय. देशात माल खपणार कुणाला, मजुरी तर गोठवलीय. जगाची बाजारपेठ इंग्लंड-फ्रान्सनं आधीच वाटून घेतलीय, स्पर्धेत अमेरिका पुढं आहे. सरकार भावाची हमी देतंय खरं, पण ती हमी अनंतकाळ द्यायला पैसा कुठून आणणार? या कोंडीतून बाहेर पडायचे दोन रस्ते होते. एक, पगार वाढवा, संपत्ती वाटा, म्हणजे लोकशाही आणा. दुसरा, शेजाऱ्याची खाण आणि शेत बंदुकीच्या जोरावर घ्या. त्या टेबलावर बसलेल्या चौघांपैकी पहिला रस्ता कुणालाच नको होता.

आणि लोकांना हे विकलं कसं? इथं नॉयमानचं निरीक्षण भेदक आहे. कामगारांना सांगितलं गेलं, की जर्मनी हाच एक गरीब कामगार देश आहे आणि इंग्लंड-अमेरिका हे सावकार देश. म्हणजे मालक-मजूर हा झगडा घरातून उचलून सीमेवर नेऊन ठेवला. तुझा शत्रू तुझा मालक नाही, पलीकडच्या देशातला माणूस आहे. पगार मागू नको, बंदूक घे.

हे सगळं पटलंच पाहिजे असं नाही. इतिहासकारांनी नॉयमानला बरंच तासलंय. टिम मेसन यांनी १९६० च्या दशकात दाखवलं, की १९३६ नंतर राजकारणाची पकड उद्योगांवर इतकी घट्ट झाली, की चौघं समान भागीदार होते असं म्हणता येत नाही. १९३७ साली गोअरिंगनं स्वतःच्या नावाचा सरकारी पोलाद उद्योग काढला तो पोलादवाल्यांच्या नाकावर टिच्चून. आय. जी. फार्बेनचा सविस्तर इतिहास लिहिणारे पीटर हेज म्हणतात, की कंपनी कट रचत नव्हती, राजवटीनं जिथं जिथं फायद्याची दारं उघडली तिथं तिथं ती शिरत गेली. आणि नॉयमानची स्वतःची एक मोठी चूक होती. ज्यूद्वेष हे नाझींचं उपयोगी हत्यार आहे, ते हत्यार वापरायला ज्यू लागणारच, म्हणून ते सर्वांना मारून टाकणार नाहीत, असं त्यानं १९४२ च्या आवृत्तीत लिहिलं. तो स्वतः ज्यू होता. तर्काच्या जोरावर त्यानं हे लिहिलं आणि तर्क हरला.

पण हेज जे म्हणतात ते मला जास्त भयंकर वाटतं. कट असता तर सोपं होतं, दहा दुष्ट माणसं सापडली असती. इथं कुणाला युद्ध हवंच होतं असं नाही. एकेक पाऊल टाकताना ते ताळेबंदात योग्यच दिसत होतं. पेट्रोलला हमीभाव, योग्य. कृत्रिम रबराचा कारखाना, योग्य. तो कारखाना बॉम्बहल्ल्यापासून लांब, पाणी-कोळसा-रेल्वे जवळ असलेल्या जागी, योग्य. ती जागा पोलंडमधली ऑशविट्झ निघाली. शेजारी छळछावणी, मजूर तयार. अकुशल कैद्याला दिवसाला ३ मार्क आणि कुशल कैद्याला ४ मार्क, आणि ते कैद्याला नाही, एस. एस.ला द्यायचे. मोनोविट्झची ही छावणी कंपनीच्या कारखान्यासाठीच उभी राहिली. हजारो माणसं तिथं उपाशी राबून मेली किंवा काम होईना म्हणून गॅसच्या चेंबरमध्ये पाठवली गेली. ज्या कंपनीमार्फत झायक्लॉन-बी हा विषारी वायू पुरवला जायचा, त्या डेगेशमध्येही आय. जी. फार्बेनची ४२.५ टक्के मालकी होती. पुढं लेखक म्हणून जगाला माहीत झालेले प्रीमो लेव्ही मोनोविट्झचे कैदी होते, आणि रसायनतज्ज्ञ होते म्हणून कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि वाचले. आणि त्या कारखान्यातून कृत्रिम रबर किती निघालं? एक किलोही नाही. युद्ध संपेपर्यंत तो पुरा झालाच नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, म्हणजे 'जर्मन लोकच तसले' अशी पळवाट राहणार नाही. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलनं १९२९ साली आय. जी. फार्बेनबरोबर वाटणी केली होती. तेलाच्या धंद्यात आम्ही, रसायनांत तुम्ही. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, मलायाचे रबराचे मळे हातचे गेले आणि अमेरिकेला कृत्रिम रबराची घाई झाली. तेव्हा लक्षात आलं, की तिकडं त्यात म्हणावी तशी प्रगतीच झालेली नाही. येल विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक राहिलेले थर्मन अर्नल्ड तेव्हा सरकारच्या मक्तेदारीविरोधी विभागाचे प्रमुख होते. त्यांनी १९४२ साली सिनेटच्या समितीपुढं उघड आरोप केला, की या खाजगी कराराच्या पायी देशाचं रबर अडलं. कंपनीनं आरोप नाकारला, तडजोड केली, किरकोळ दंड भरून मोकळी झाली. मक्तेदारीला राष्ट्रीयत्व नसतं. राष्ट्रवादाचे झेंडे ती फक्त दर्शनी भागाला लावते.

युद्धानंतर काय झालं, हा या गोष्टीचा सगळ्यात कडू भाग.

ऑगस्ट १९४५ मध्ये पॉट्सडॅमला विजेत्या राष्ट्रांनी ठरवलं, की जर्मन अर्थसत्तेचं अतिरेकी केंद्रीकरण, म्हणजे कार्टेलं आणि ट्रस्ट, मोडून काढायचं. नॉयमान युद्धकाळात अमेरिकी गुप्तवार्ता खात्याच्या संशोधन विभागात जर्मनीचा अभ्यास करत होता आणि न्यूरेंबर्ग खटल्यांच्या तयारीतही त्याचा हात होता. पुढच्या खटल्यांत फक्त नाझी पुढारी नव्हते. सेनापती होते, सचिव होते, न्यायाधीश होते आणि उद्योगपतीही होते. त्या यादीवर 'बेहेमोथ'मधल्या चार गटांचा ठसा स्पष्ट दिसतो.

आय. जी. फार्बेनच्या २३ अधिकाऱ्यांवर खटला चालला. निकाल जुलै १९४८ मध्ये लागला. आक्रमक युद्धाची तयारी केल्याच्या आरोपातून सगळे निर्दोष. गुलाम मजुरीच्या आरोपात फक्त पाच दोषी. एकूण तेरा दोषी, दहा सुटले. सर्वांत मोठी शिक्षा आठ वर्षं. बहुमताच्या न्यायाधीशांनी मानलं, की राजवटीच्या दडपणाखाली त्यांचा नाइलाज होता. पॉल हेबर्ट नावाचे एक न्यायाधीश, मूळचे लुइझियानाच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता, यांनी मात्र भिन्नमत लिहिलं. त्यांचं म्हणणं, गुलाम मजूर वापरण्याची जबाबदारी सगळ्या संचालक मंडळाची आहे, पुढाकार घेऊन मजूर मागणाऱ्याला नाइलाजाची सबब मिळू शकत नाही. भिन्नमतच ते. कपाटात गेलं.

फ्रिट्झ टेर मेर या संचालकाला सात वर्षांची शिक्षा झाली होती. १९५६ साली तो बायरच्या पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष होता. होय, त्याच बायरचा. कंपनी मोडली ती पुन्हा जुन्याच तुकड्यांत, बायर, बीएएसएफ, हेक्स्ट. शीतयुद्ध सुरू झालं होतं, आता जर्मन उद्योग रशियाविरुद्ध हवे होते.

नॉयमान पुढं कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मोटार अपघातात गेला. चोपन्न वर्षांचा होता. राऊल हिलबर्ग हा त्याचा विद्यार्थी. ज्यूंच्या संहाराचा पहिला समग्र अभ्यास १९६१ मध्ये हिलबर्गनं प्रसिद्ध केला, आणि त्याचा सांगाडा गुरूच्याच चार गटांचा आहे. गुरूची चूक शिष्यानं गुरूच्याच अवजारानं दुरुस्त केली.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय हा विषय अर्धा राहील. फ्रान्झ ब्यॉम. हाही जर्मन कायदेपंडित, पण समाजवादी नव्हे, मुक्त बाजाराचा पक्का पुरस्कर्ता. वायमार काळात सरकारच्या कार्टेल विभागात नोकरी केलेला. १९२८ सालीच त्यानं खाजगी सत्तेच्या प्रश्नावर लेख लिहिला होता. नाझी काळात ज्यूंच्या बाजूनं बोलला म्हणून त्याचं शिकवणं बंद करण्यात आलं. युद्धानंतर १९५७ चा जर्मनीचा मक्तेदारीविरोधी कायदा झाला, त्यामागं खासदार म्हणून ब्यॉम हटून बसला होता, उद्योगांच्या संघटनांचा कडवा विरोध असताना. डावा नॉयमान आणि उजवा ब्यॉम, औषध दोघांचं वेगळं, पण रोगाचं निदान एकच. खाजगी सत्ता फार साठली की ती सरकारी सत्तेला येऊन चिकटते, आणि मग दोन्ही बेलगाम होतात.

आपल्याकडं हे निदान आयात करायची गरज नव्हती. नॉयमाननं जिथं दुसरी डॉक्टरेट केली त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि जिथं शिकवलं त्या कोलंबियात, दोन्हीकडं त्याच्या आधी बाबासाहेब शिकून आले होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न हाच आहे. सरकारनं हस्तक्षेप केला नाही तर स्वातंत्र्य नेमकं कुणाला मिळतं? त्यांचं उत्तर, जमीनदाराला आणि मालकाला. सरकारी हुकूमशाही टळली तरी मालकाची उरतेच. मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत हा त्यांचा आग्रह घटनेत आला नाही, पण अनुच्छेद ३९(ग) मध्ये संपत्ती आणि उत्पादनाची साधनं मूठभरांच्या हाती एकवटू नयेत, हे तत्त्व आलं. मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे त्यावर कोर्टात जाता येत नाही. १९६९ मध्ये मक्तेदारीविरोधी एमआरटीपी कायदा झाला. त्याला परमिट-राज्याचा भाग म्हणून आपण शिव्या घातल्या आणि त्यातल्या बऱ्याच रास्तही होत्या. परवाना बड्यांनाच मिळायचा आणि छोटा रांगेत उभा राहायचा, हे तर नॉयमानच्या 'एकासाठीच्या हुकुमा'चंच उदाहरण. आता २००२ चा स्पर्धा कायदा आहे. जुना कायदा आकाराकडंही बघायचा, नवा म्हणतो, मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा.

कायद्याच्या दृष्टीनं हे बरोबर असेल. पण १९२३ चा जर्मन हुकूमही हेच म्हणत होता.

आपण १९३३ च्या जर्मनीत आहोत असं मी अजिबात म्हणत नाही. असल्या तुलना करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. आपल्याकडं निवडणुका होतात, सरकारं पडतात, कोर्टात जाता येतं. पण नॉयमाननं शिकवलेले तीन प्रश्न मी कुठलीही मोठी बातमी वाचताना विचारतो, सरकार कुठल्याही पक्षाचं असो. हा नियम सर्वांसाठी आहे की एकाचं तोंड बघून केलाय? हा कारखाना बाजारावर उभा आहे की हमीवर, आणि हमीचा पैसा कुणाचा? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा. टीव्हीवर सीमेपलीकडचा शत्रू दाखवून माझा पगार, माझा भाव, माझा दवाखाना यावरचं बोलणं बंद केलं जातंय का?

सैनिकाबद्दल आदर असणं वेगळं आणि युद्ध हा धंदा होऊ देणं वेगळं. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या गावांतून घरटी माणूस फौजेत जातो, त्या गावांना हा फरक कुणी समजावून सांगायची गरज नाही. युद्धाचा हिशेब तिथं टक्क्यांत होत नाही.

मतभेद असतील तर जरूर लिहा, विशेषतः वकील आणि इतिहासवाल्या मंडळींनी. पक्षाचे झेंडे तेवढे बाहेर ठेवून या.